हिरवं बंद आहे

माझा आवाज मोठा आहे. ही बढाई नव्हे, घरच्यांची तक्रार आहे. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा बाजारात बसले आणि "कोथिंबीऽऽर" अशी हाळी दिली, तेव्हा वणीच्या गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांनी मागं वळून "केवढ्याला?" असं विचारलं होतं. सातपूरच्या एका कारखान्यातले कामगार माझ्या हाळीला पाळी सुटल्याचा भोंगा समजून दीड तास आधीच घरी निघाले. त्यांचा साहेब मला भेटायला आला होता. रागावून आला आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन गेला.

हे तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण एवढा आवाज असलेली बाई एका शनिवारी तोंडातून हूं की चूं न काढता बसून राहिली, हे शपथेवर खरं आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

आमचा बाजार शनिवारचा. सातपूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून सिमेंटचे ओटे आहेत, वर पत्रा. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली वांग्याचं भरीत आपोआप तयार होतं. माझा ओटा कडेचा. आमची शहराला चिकटलेली दीड एकर जमीन, तिच्यात पालेभाजी. सासूबाई पिकवतात, नवरा टेम्पोनं आणून टाकतो आणि मी ओरडते, अशी कामाची वाटणी.

माझ्या डाव्या हाताला चाचीचा ओटा. आलं, लसूण, लिंबं, मिरच्या. पण चाचीची खरी कमाई म्हणजे लिंबू-मिरची. शनिवारी नाशकातलं प्रत्येक दुकान, रिक्षा आणि जेसीबी जुनी सुकलेली लिंबू-मिरची काढून नवी बांधतो. एक लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा. चाचीची सुई अशी चालायची की समोरचा शिंपी एकदा बघत उभा राहिला आणि त्यानं मशीन विकून टाकलं. निम्म्या शहराची दृष्ट काढायचा ठेका एका मुसलमान म्हातारीकडं आहे, याचं बावीस वर्षांत कुणालाच काही वाटलं नव्हतं. मिरच्या ताज्या आहेत ना, एवढंच लोक बघायचे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, पुरुषांनी वाचायची नसली तर पुढची ओळ सोडावी. बाजारात बसणाऱ्या बाईला शेजारीण कशाला लागते? मोरीला जायला. बाजाराचं शौचालय पार दुसऱ्या टोकाला, ओटा उघडा टाकून जाता येत नाही. माल जातो, तराजू जातो, गिऱ्हाईक तर सगळ्यात आधी जातं. म्हणून भरवशाचं माणूस शेजारी हवं. "चाची, बघा जरा, जाऊन येते." आणि ती म्हणायची, "जा. पण तिकडं गप्पा मारत बसू नको." बावीस वर्षं आमची दोस्ती या दोन वाक्यांवर उभी होती. लोक देवळात शपथा घेऊनही एवढी टिकवत नाहीत.

तर त्या शनिवारी अध्यक्ष आला.

अध्यक्ष म्हणजे आमच्याच भागातला तिशीचा गडी. कशाचा अध्यक्ष, ते विचारू नका. त्याच्या संघटनेचं नाव दर सहा महिन्यांनी बदलायचं. फ्लेक्सवरचा फोटो मात्र तोच, गॉगलवाला. बुलेटवरून यायचा. मागं पाच-सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कॅमेरा चालू. पोरं ओट्याओट्यावर पत्रकं वाटत निघाली आणि दुकानांना भगवे स्टिकर लावत निघाली. माझ्या ओट्याला लावला, पलीकडच्या फुलवाल्या ताईला लावला. चाचीच्या ओट्यासमोर आले आणि थांबले.

"चाची, पुढल्या शनिवारपासून यायचं नाही," अध्यक्ष म्हणाला. आवाज अगदी गोड. लग्नाला बोलवावं तसा.

"का बेटा?"

"पत्रक वाचा."

"मला वाचता येत नाही."

"मग कुणाकडून तरी वाचून घ्या."

आणि माझ्याकडं बघून हसला. मी पत्रक हातात धरून बसले होते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली, अख्ख्या बाजाराची पत्रं, बिलं, कोर्टाच्या नोटिसा वाचून दाखवणारी. माझ्या घशात मेथीची काडी अडकावी तसं झालं. मी खाली बघितलं आणि जुड्या नीट लावायला लागले. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

चाचीनं कुणालाच काही विचारलं नाही. तिनं मिरच्या पोत्यात भरल्या, लिंबं पिशवीत घातली. आपला तराजू माझ्या ओट्यावर ठेवला.

"हा तुझ्याकडं राहू दे. घरी नेऊन काय तोलू?"

आणि बसच्या थांब्याकडं चालायला लागली. त्या दिवशी दुपारी मला जायचं होतं, तर कुणाला सांगू कळेना. संध्याकाळपर्यंत पोट धरून बसले. देवानं लगेच शिक्षा केली म्हणा.

घरी आले. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पडवीत केळीच्या सोपटानं जुड्या बांधत होत्या. सत्तरीच्या आहेत, अक्षरओळख नाही, पण कोथिंबिरीकडं बघून ती कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढली ते सांगतात. मी चिडून ते पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं: 'जागे व्हा! हिरव्यांकडून काहीही घेऊ नका. आपल्या बाजारात हिरव्यांना जागा नाही. पुढील शनिवारपासून बाजारात हिरवे दिसता कामा नये. आदेशावरून.' आणि खाली गॉगलवाला फोटो.

बघा किती हुशार. धर्माचं नाव कुठंच नाही. कुणा वकिलानं सांगितलं असणार, नाव लिहू नको, गुन्हा दाखल होईल. म्हणून हिरवे. समजणाऱ्याला समजतं आणि पोलिसाला दाखवायला हात वर.

आत्याबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हंजी आपली कोथमीर बी नाय न्यायची?"

"आत्याबाई, तसं नाही..."

"अन् मेथी? पालक? दोन वाफं उभं हायेत गं! आता काय करायचं त्यांचं? त्या पोराला म्हणावं, आदी सांगितलं असतं तर गाजरं नसती का टाकली!"

मी हसायला लागले. नवरा हसायला लागला. आत्याबाई भडकल्या, "हसतीस काय? त्याला काय म्हणावं हिरव्याचं एवढं वाकडं? जुलाब लागलं व्हते का?" मी इतकी हसले की शेजारच्या गावातली कुत्री भुंकायला लागली. आणि हसता हसता एकदम थांबले. आत्याबाईंची काही चूक नव्हतीच. भाजीवाल्या माणसाला हिरवं म्हणजे दुसरं काय कळणार? त्या पोरानं जे लिहिलं होतं तेच त्यांनी ऐकलं होतं. मग आपणही तेवढंच ऐकायचं!

रविवारी सकाळी अण्णांच्या कांद्याच्या चाळीत आम्ही जमलो. अण्णा म्हणजे कांदे-बटाटेवाले, बाजारातले सगळ्यात जुने, मिशा अशा की पावसात दोन माणसं खाली उभी राहावीत. त्यांनी दोन किलोचं लोखंडी माप टेबलावर आपटलं.

"पुढल्या शनिवारी आला की हे त्याच्या डोक्यात घालतो."

"मग त्यांना पाहिजे तेच होईल," मी म्हटलं. "पोरं कॅमेरे कशाला घेऊन आली होती? आपण एक कानाखाली वाजवायची, मग त्यांचा व्हिडिओ आणि आपली कोठडी. चाचीचा ओटा राहिला बाजूलाच."

"मग काय आरती ओवाळायची त्याची?"

"नाही. त्याचा आदेश पाळायचा."

मी आत्याबाईंचा प्रश्न सांगितला. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अण्णांच्या मिशा हलायला लागल्या, मग पोट, मग कांद्याच्या पोत्यांची थप्पी.

फुलवाली ताई तेवढी हसली नाही. "मी फुलं विकते बाई. माझं निम्मं गिऱ्हाईक त्याच्याच गल्लीतलं. त्याची आई माझ्याकडून दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ नेते. मला नका ओढू यात." ती उठून गेली. मला तिचा राग आला होता, पण कुठल्या तोंडानं रागावणार? आदल्या दिवशी जुड्या कोण लावत बसलं होतं?

बाकीच्यांनी नियम ठरवले. कुणी हात उचलायचा नाही. शिवी द्यायची नाही. देवाची, भगव्या झेंड्याची टिंगल नाही. तो झेंडा काही त्याच्या आजोबानं शिवलेला नाही, तो आमचाही आहे. आणि अध्यक्ष आला तर 'दादा' म्हणायचं, खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं. हसू आलं तर पदरात तोंड घालायचं.

शनिवार उजाडला. बाजारात शिरणाऱ्या माणसाला वाटावं, इथं कुणीतरी गेलं आहे. सगळी पालेभाजी ओल्या गोणपाटाखाली झाकलेली. वर फक्त टोमॅटो, गाजर, बीट, कांदे, बटाटे, लाल भोपळा. आणि ओट्याओट्यावर पुठ्ठे. माझ्या ओट्यावर: 'हिरवं बंद आहे. आदेशावरून.' शेजारी ते पत्रक चिकटवलेलं, गॉगलसकट. अण्णांच्या कलिंगडांवर: 'बाहेरून हिरवे, आतून लाल. चौकशी चालू आहे.' लिंबांवर: 'लहानपणी हिरवी होती. आता सुधारली आहेत.' मिरच्यांवर: 'लाल होऊन या.' द्राक्षांच्या क्रेटवर कुणीतरी काळी पट्टी लावून लिहिलं होतं: 'क्षमस्व. अख्खा जिल्हाच हिरवा निघाला.' आम्ही पहाटेपासून वांग्यांचे आणि टोमॅटोचे हिरवे देठ खुडत बसलो होतो. सातशे किलो वांगी, एकही देठ शिल्लक नाही. बिनटोपीची वांगी अशी दिसत होती, जणू सगळ्यांची नुकतीच मुंज लागलेली.

गिऱ्हाईक आलं आणि चक्रावलं.

"अहो, कोथिंबीर द्या ना."

"हिरवी आहे हो ताई."

"मग कसली असते?"

"तेच तर. आदेश आहे." मी पत्रकाकडं बोट दाखवायची आणि डोळे पुसायची. डोळे खरंच ओले होते, हसू दाबून.

तुम्हाला सांगते, नाशिकच्या माणसाचं पाणी तोडा, रस्ता खोदा, वर्षभर खोदलेला ठेवा, तो सहन करील. पण भाजीवर फुकट मिळणारा कढीपत्ता आणि चार काड्या कोथिंबीर बंद करा, तो रस्त्यावर येतो. तो त्याचा जन्मसिद्ध वाटा आहे. बारा वाजेपर्यंत पत्रक हातोहात फिरायला लागलं. मिसळवाल्याचा माणूस धावत आला. कोथिंबिरीवाचून मिसळ म्हणजे नुसती आग, म्हणाला. बंदोबस्ताला असलेल्या हवालदारबाई, त्याही माझ्याच गिऱ्हाईक, काठी आपटत आल्या.

"काय चाललंय हे?"

"आदेशाचं पालन, मॅडम."

त्यांनी पत्रक दोनदा वाचलं. मग टोपी नीट केली, तोंड फिरवलं आणि त्यांची पाठ हलताना मी बघितली. "शांततेत चालू द्या," एवढंच म्हणाल्या, आणि जाता जाता पत्रकाची एक प्रत खिशात घातली.

अध्यक्ष त्या दिवशी आलाच नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो. मी आणि आत्याबाई संध्याकाळी चाचीच्या घरी गेलो. तिची दोन खोल्यांची जागा, दारात ओव्याचं झाड. मी सगळं नक्कल करून सांगितलं. कलिंगडाची चौकशी ऐकून ती इतकी हसली की ओढणीनं डोळे पुसायला लागली. मग शांत झाली.

"मजा आली. पण मला सांग, माझ्या ओट्यावर कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. तुमचा तराजू ठेवला होता."

"तराजूला कोई धमकी नहीं देता, बेटा."

मी ओव्याचं पान चुरगाळायला लागले.

"तू मजा केलीस. मला बसायचंय." आणि थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, "तुझा आवाज वणीपर्यंत जातो म्हणतेस ना? त्या दिवशी माझ्या ओट्यापर्यंतसुद्धा नाही आला."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत. त्या क्षणी एकही सुचली नाही. आत्याबाईंनीच तोंड उघडलं. "बाई, हिची चूक झाली. आता पुढं बोल. तू येशील कंदी?"

"बाजारातल्या सगळ्यांसमोर त्यानं मला जा म्हटलं. बाजारातल्या सगळ्यांसमोर त्यानं बस म्हणावं. मग येते."

परत येताना आत्याबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. गावच्या वेशीशी म्हणाल्या, "मंग ती बसंस्तोवर हिरवं बंदच ठिवायचं."

"आत्याबाई, माल सडेल."

"सडू दे. दोन वाफं सडलं तर पुन्हा पेरता येत्यात."

झालं. गंमत तिथं संपली आणि हट्ट सुरू झाला. आठवडाभर आमची कोथिंबीर म्हशीनं खाल्ली. दुधाला असा वास यायला लागला की चहात घातलं तर चहाची कढी व्हायची. एक-दोघं भाजीवाले कुरकुरले, अण्णांनी त्यांच्याशी बोलणं केलं. मिशांमुळं बोलणं लवकर आटोपलं. फुलवाली ताई मात्र शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडं आली आणि विचारलं, "एखादा पुठ्ठा उरलाय का?"

दुसऱ्या शनिवारी बाजारात जत्रा होती. निम्मी माणसं भाजीला, निम्मी पुठ्ठे वाचायला. अकराच्या सुमाराला बुलेट वाजली. अध्यक्ष, मागं पोरं. पण या वेळी बाकीच्यांचेही मोबाईल वर होते. सातपूरची रात्रपाळी करून आलेली माणसं डोळे चोळत व्हिडिओ काढत होती. अण्णांनी खुर्ची पुढं केली. "या दादा, बसा. पाणी घ्या."

तो बसला नाही. "काय तमाशा लावलाय? गोणपाट काढा!"

"तुमचाच आदेश आहे, दादा," मी म्हटलं. पुढच्या ओट्यावर चढून उभी राहिले होते. 

"भाजीचं नव्हतं म्हटलं आम्ही!"

"मग कशाचं म्हटलं होतं? तेवढं सांगा, आम्ही लगेच गोणपाट काढतो."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. हवालदारबाई चार पावलांवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. पन्नास मोबाईल त्याच्या तोंडाकडं. वकिलानं सांगितलेलं त्याला आठवत असणार.

"हिरवे म्हणजे... ते."

"ते म्हणजे मटार?"

"नाही! तुम्हाला माहिती आहे."

"आम्ही भाजीवाले, दादा. आम्हाला भाजीच माहिती. दोडका का?"

"कारलं असंल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"भेंडी!"

"गवार! गवारीला मी आधीपासून सांगत होतो, नीट वाग!"

अख्खा बाजार हसला. पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली ती म्हणे सुरगाण्यात जाऊन उतरली. तिथल्या लोकांनीही विचारलं, काय झालं? त्याच्या मागच्या पोरांपैकी एकानं हसू लपवायला रुमालात शिंकल्यासारखं केलं. अध्यक्ष लालेलाल झाला. मला वाटलं आता हा हात उचलतो. अण्णा जागचे हलले नाहीत, हात पाठीमागं बांधून उभे. कुणीच हललं नाही. तेवढं एक मिनिट फार मोठं होतं. तेव्हा कळलं, दोन किलोचं माप मारण्यापेक्षा ते न मारता उभं राहायला जास्त ताकद लागते.

नेमकी त्याच वेळी त्याची आई गर्दीतून वाट काढत फुलांच्या ओट्यापाशी पोचली. हातात पूजेची पिशवी. तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं.

"ताई, रुईची माळ दे गं. मारुतीला उशीर होतोय."

फुलवाल्या ताईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याइतका आवाज काढला. "काकू, पानं हिरवी आहेत. देता येत नाही. बेल बंद, तुळस बंद, दूर्वा बंद."

"कुणी काढला असला आदेश? मारुतीची माळ अडवणारा कोण तो मेला?"

ताईनं पत्रक पुढं केलं. काकूंनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, घातला. कागद जवळ धरला, लांब धरला. मग मान वर करून लेकाकडं बघितलं.

"हा तुझा फोटो आहे ना रे?"

त्यावर कुणीही हसलं नाही. नियम होता, आणि हसायची तशी गरजही नव्हती.

"आई, तू घरी जा."

"माळ घेतल्याशिवाय? काय लिहिलंयस हे? हिरवे कोण?"

पन्नास मोबाईल, हवालदारबाई आणि आई. त्यानं मान खाली घातली. "विका," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं, दादा," मी म्हटलं. "माझ्यासारखं मोठ्यानं बोला."

"हिरवं विका! सगळं विका!"

"सगळं?"

"हो, सगळं!"

"आणि सगळ्यांनी?"

मी चाचीच्या रिकाम्या ओट्याकडं बोट केलं. तिथं तराजू होता. बाजारात एवढी शांतता झाली की टोमॅटो पिकताना ऐकू यावा. खालून त्याला काय दिसत होतं आणि काय नाही, मला माहीत नाही. पण मला ओट्यावरून दिसलं, पत्र्याच्या टोकाशी, बसच्या थांब्याजवळ, डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन चाची उभी होती. आत्याबाई तिला घेऊन आल्या होत्या.

"सगळ्यांनी," तो म्हणाला.

मग मी आवाज काढला. पंधरा दिवस घशात अडकलेला होता तो. "चाचीऽऽ! या, बसा! दादा बसा म्हणतायत!" त्या हाळीनं गडाच्या पायऱ्यांवर पुन्हा कुणी मागं वळलं की नाही, कल्पना नाही. पण ती तिच्या ओट्यापर्यंत पोचली, हे मी बघितलं. लोकांनी वाट करून दिली. चाची सावकाश आली, पाटी उतरवली, तराजू पुसला, बसली. मग सुईत दोरा ओवला. अध्यक्षाच्या बुलेटला बांधलेली लिंबू-मिरची तिनं बघितली होती. तीन शनिवार जुनी, लिंबू सुपारीएवढं झालेलं.

"सुकली आहे बेटा. बदल."

त्यानं बुलेट फिरवली आणि गेला. सुधारला वगैरे नाही. त्याच्या आईनं मात्र रुईची माळ घेतली, एक नवी लिंबू-मिरची घेतली, आणि चाचीकडून चार मिरच्या वर मागून घेतल्या. फुकट.

असं बघा, तो परत येणार. संघटनेचं नाव बदलेल, शब्द बदलेल, या वेळी हिरव्याऐवजी आणखी काही लिहील; वकील नवा असेल. येऊ दे. पुठ्ठे मी माळ्यावर जपून ठेवले आहेत, आणि आत्याबाईंनी एक वाफा गाजरांचा टाकला आहे, वेळेला असावा म्हणून. शब्द कुठलाही आणला तरी त्याचा सरळ अर्थ विचारायला आम्ही तिथं बसलेलो असू. आणि पुढल्या वेळी मी पहिल्याच दिवशी बोलणार आहे. जुड्या लावायला नवरा आहे.

त्या दिवशी गोणपाटं काढली तेव्हा बाजार असा काही हिरवागार झाला की डोळे दिपले. तासाभरात माझी सगळी कोथिंबीर संपली. तेव्हा कुठं मला आठवलं की सकाळपासून, खरं म्हणजे दोन शनिवारांपासून, मला कुठं जायचं होतं ते.

"चाची, बघा जरा. जाऊन येते."

तिनं सुई न थांबवता मान हलवली.

"जा. पण तिकडं गप्पा मारत बसू नको."